सेंद्रिय शेतीचा आरंभ : आधी खताचा हिशेब

सेंद्रिय शेती नव्याने करू इच्छिणारे शेतकरी बंधू आम्हांस जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक एकाच धर्तीचे असतात. कोणते द्रावण फवारावे, ते किती दिवसांनी द्यावे, दाखला कोठून मिळवावा, भाव किती अधिक येतो. हे प्रश्न गैर आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो प्रश्न सर्वांआधी विचारावयास हवा, तो क्वचितच कोणी विचारतो. तो असा की, आमच्या जमिनीतून दरसाल पिकाबरोबर जो कस बाहेर जातो, तो परत देण्यास आमच्या गोठ्यात व बांधावर काय आहे? याचे उत्तर कागदावर मांडल्यावाचून कोणीही सर्व जमिनीवरील रासायनिक खत एकाएकी बंद करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा हिशेब मुळीच अवघड नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात शेकडा सुमारे अर्धा भाग नत्र असते. म्हणजे एका टनात ५ किलो. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात ते २० किलोंहून थोडे अधिक असते. अर्थात एका पोत्याइतके नत्र शेणखतातून द्यावयाचे, तर ४ टन, म्हणजे सुमारे ८ बैलगाड्या खत हवे. आणि त्यातीलही बराच भाग पहिल्या साली पिकास लागू न होता पुढे हळूहळू मिळतो. शेणखतापासून स्फुरद, पालाश व सूक्ष्म द्रव्येही मिळतात, जमीन भुसभुशीत होते व ओल टिकते, हा लाभ वेगळा. पण त्याने नत्राची तूट भरून येत नाही.

आता गोठ्याकडे पाहू. एक मोठे जनावर दिवसास सरासरी १० किलो शेण टाकते असे धरल्यास वर्षाचे साडेतीन टन होते. चरावयास गेले असता वाटेवर पडणारे, गवऱ्यांत जाणारे व कुजताना घटणारे वजा जाता निम्मे खत हाती आले तरी पुष्कळ झाले. यावरून ज्याच्या दावणीला दोन बैल व एक गाय आहे, त्यास वर्षाकाठी सुमारे ५ टन खत घरचे मिळेल. तेवढे एका एकरास पुरेल. दहा एकरांस पुरणार नाही.

“मग पीक घटणारच काय?” असे कोणी विचारील. खत पुरेसे पडल्यास घटलेच पाहिजे असे नाही. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून एका शेतात गव्हाचा अखंड प्रयोग चालू आहे. तेथे केवळ शेणखतावर वाढविलेल्या गव्हाचे उत्पन्न दीर्घकाळ रासायनिक खताच्या गव्हाच्या तोडीचे येत राहिले. परंतु त्या तुकड्यास एकरी सुमारे १४ टन शेणखत दरसाल पडत आले आहे, ही गोष्ट सांगणारे थोडे. उलट श्रीलंकेत २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद करण्यात आली. पर्यायी खताची तजवीज नव्हती. भाताचे पीक फार घटले, बाहेरून तांदूळ आणावा लागला, व त्याच वर्षी नोव्हेंबरात ती बंदी उठवावी लागली. एका देशाची जी गत झाली, ती हिशेबावाचून उडी घेणाऱ्या एका कुटुंबाची होण्यास वेळ लागत नाही. आणि कुटुंबास सावकाराखेरीज दुसरा आधार बहुधा नसतो.

जीवामृताविषयी सर्वांत अधिक विचारणा होते. प्रचलित कृतीप्रमाणे २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचे पीठ व मूठभर माती घालून ते एकरास देतात. या सर्व जिनसांतील नत्र एकत्र केले तरी ते पाव किलोच्या आतबाहेर भरते. जीवामृताने जमिनीतील जीवाणूंस चालना मिळते असे ते वापरणारे सांगतात, व त्यांच्या अनुभवाचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु त्यास विरजणाची उपमा द्यावी लागेल. विरजण उत्तम असले तरी भांड्यात दूध नसेल तर दही कशाचे लागणार? जमिनीत सेंद्रिय पदार्थच नसेल, तर जीवाणूंनी खावे काय? माती तपासून घ्यावी. सेंद्रिय कर्ब शेकडा अर्ध्याहून कमी निघाल्यास प्रथम काडीकचरा व खत यांची भरती करावी.

ही भरती कोठून करावी? इंदूर येथे १९२४ साली स्थापन झालेल्या संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी याचा मार्ग घालून दिला, व तो १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पिकांचा टाकाऊ भाग, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ओल राखून व ढीग वेळोवेळी परतवून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ही रीत होय. आज उसाचे पाचट व गव्हाचे काड शेतातच पेटविले जाते. ते जाळणारा आपलेच खत जाळतो. जनावरांनी टाकलेल्या नत्रापैकी जवळजवळ निम्मे मूत्रात असते. गोठ्यात कोरडी माती वा भुसा अंथरून ते धरल्यास खर्चावाचून खताचा कस वाढतो. पावसाच्या आरंभी पेरलेला ताग फुलावर येताच, सुमारे ४५ ते ५० दिवसांनी, गाडल्यास एकरी २० ते २५ किलो नत्र मिळू शकते. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला शेतात घालावा, व कपाशी-ज्वारीत तूर, मूग, उडीद यांची ओळ असावी.

किडीचा प्रश्न यानंतरचा. ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्या, फडक्याने गाळून अर्क १०० लिटर करावा, व सायंकाळी फवारावा. मात्र कीड लहान असतानाच याचा गुण येतो. ज्याची पिकावर रोजची फेरी नाही, त्याने निंबोळीस बोल लावू नये.

दाखल्याविषयी एवढेच ध्यानात ठेवावे की, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे सर्वसाधारणपणे हंगामी पिकांस २ व फळबागांस ३ वर्षे संक्रमणाची काढावी लागतात. या काळात पीक उतरण्याचा धोका असतो व सेंद्रिय मालाचा पूर्ण भावही मिळत नाही. म्हणून घरचे खत जेवढ्या जमिनीस पुरते, तेवढीच जमीन प्रथम वेगळी काढावी. शेजारच्या फवारणीपासून तिला अंतर ठेवावे. आणि त्या तुकड्याचा खर्च व उत्पन्न वेगळ्या पानावर लिहावे. उरलेल्या जमिनीवर रासायनिक खत निम्म्यावर आणणे हीही प्रगतीच होय, व त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र तो माल सेंद्रिय म्हणून विकू नये. त्याने प्रामाणिक शेतकऱ्याचा बाजार बुडतो.

आमच्या सभासदांस विनंती इतकीच की, पुढील खरिपाआधी प्रत्येकाने आपल्या खड्ड्यातील खत गाड्यांनी मोजावे व वहीत नोंदवावे. तो आकडा हाती घेऊन जो आमच्याकडे येईल, त्यास किती एकरांपासून आरंभ करावा हे आम्ही निश्चयाने सांगू शकू.