विमा कोणाचा?

लक्षणेची उदाहरणे शोधण्यासाठी आपण नेहमी काव्याकडेच वळतो. आमच्या मते जुगाराच्या नियमांकडेही त्यासाठी पाहायला हवे.

'स्पॅनिश ट्वेंटी-वन' हा ब्लॅकजॅकचा एक प्रकार अमेरिकेतील कॅसिनोंमध्ये १९९० च्या दशकात आला. पत्त्यांची बेरीज २१ च्या पुढे जाऊ न देता डीलरवर मात करायची, हे मूळ सूत्र येथेही कायम आहे. मात्र प्रत्येक कॅटमधून चारही दश्श्या काढून टाकलेल्या असतात. दहा गुणांचे म्हणून गुलाम, राणी आणि राजा एवढेच उरतात.

मुख्य पैजेखेरीज येथे दोन ऐच्छिक पैजा आढळतात. पहिली 'मॅच द डीलर'. खेळाडूच्या पहिल्या दोन पत्त्यांपैकी एखादा डीलरच्या उघड्या पत्त्याशी जुळला, तर सहा कॅटच्या खेळात चौपट मिळते; इस्पिक-बदामासकट हुबेहूब जुळला, तर नऊपट. दुसरी 'इन्शुरन्स', म्हणजे विमा. डीलरचा उघडा पत्ता एक्का असेल, तर मूळ पैजेच्या निम्म्यापर्यंत रक्कम लावायची. त्याचा पालथा पत्ता दहा गुणांचा निघाला, तर दुप्पट मिळते.

आता हिशोब पाहू. सहा कॅटचे २८८ पत्ते. एक्का उघडल्यावर उरलेल्या २८७ पैकी ७२ दहा गुणांचे. दर २८७ पैजांत १४४ रुपये येतात आणि २१५ जातात. शंभरामागे सुमारे २५ रुपयांचा तोटा. दश्श्या असलेल्या साध्या सहा कॅटच्या ब्लॅकजॅकमध्ये हाच तोटा सुमारे ७ रुपयांचा असतो. आणि निखळ जुगार म्हणून समोर येणाऱ्या 'मॅच द डीलर'मध्ये? शंभरामागे अवघे ३ रुपये!

मम्मटाने लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन अशा अटी सांगितल्या. 'विमा' या नावात त्या पुऱ्या होतात. बाध असा, की येथे कशाचेच संरक्षण नाही. ही पालथ्या पत्त्यावरची स्वतंत्र पैज आहे. संबंध असा, की डीलरचा ब्लॅकजॅक निघाला तर मूळ पैजेचे नुकसान या रकमेतून भरून निघते. स्वतः खेळाडूचा ब्लॅकजॅक असेल, तर मात्र हा संबंधही तुटतो. कारण या प्रकारात तो डीलरच्या ब्लॅकजॅकलाही हरवतो. ज्याला धोकाच नाही, त्याने विमा कशाचा उतरवायचा? उरते ते प्रयोजन, आणि ते कॅसिनोचे.

काव्यातील लक्षणेने अर्थ वाढतो, असे आपण शिकवतो. अर्थ झाकण्यासाठीही तीच शक्ती वापरली जाते, हे शिकवायचे राहून जाते. मराठीत 'पणाला लावणे' हा शब्दप्रयोग आहे. त्यात गमावण्याची शक्यता उघड आहे. 'विमा' म्हणताना नेमकी तीच दिसेनाशी होते. प्रयोजन कोणाचे, हा प्रश्न आमच्या मते अलंकार ओळखून झाल्यावर प्रत्येक वर्गात विचारला जावा.