अंगणातला बाक

गेल्या आठवड्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. नातवाची मुंज गावच्या घरी करायचं ठरतंय. बोलता बोलता म्हणाला, "आई, अंगणातला तो बाक पॉलिश करून घेऊ या. फार जुनाट दिसतो." मी म्हटलं, "घर रंगव, मांडव घाल, काय हवं ते कर. बाकाला ब्रश लावायचा नाही." पलीकडे क्षणभर शांतता. मग "बरं." या 'बरं'चा अर्थ सगळ्या आयांना ठाऊक असतो! म्हणून माझी बाजू इथे लिहूनच ठेवते. तोही हे वाचतोच.

बाक सागवानी आहे, आज दिसतो राखाडी. येणारे-जाणारे म्हणतात, "अगदी दुर्लक्ष झालंय हो." तर मंडळी, दुर्लक्ष झालेलं नाही. उघड्यावरचं सागवान उन्हापावसात राखाडीच होतं. रंग उडतो तो फक्त वरच्या पातळ थरातला. आतलं लाकूड तसंच राहतं, कारण सागाच्या गाभ्यात मुळातच तेलकट द्रव्यं असतात, वाळवी आणि बुरशी त्याला सहजी लागत नाहीत. इतिहास शिकवत असे म्हणून आठवलं, मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानाचं बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला बघायला मिळतं. तिथे आमच्या बाकाची काय कथा!

पण हे शहाणपण मला फार उशिरा आलं. त्याची गोष्ट सांगते.

१९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांचं पेव फुटलं होतं. आज थोडे पैसे भरा, वीस वर्षांनी लाखो मिळवा. आमच्या ह्यांनीही १९९३ मध्ये पैसे भरले. त्यातले दहा हजार माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले. बदल्यात एक चकचकीत प्रमाणपत्र आलं, त्यावर हिरव्यागार झाडाचं चित्र. १९९९ साली सेबीने अशा योजनांसाठी नियम केले, पण तोवर आमची कंपनी गाशा गुंडाळून गेली होती. शाळेच्या मास्तराला एवढं कळू नये? जंगलातला साग चांगल्या लाकडासाठी साठ-ऐंशी वर्षं उभा ठेवतात. वीस वर्षांच्या झाडात गाभा कमी आणि बाहेरचं पांढरट, किडणारं लाकूडच जास्त. हे मी त्यांना किती वेळा ऐकवलं असेल! भाजी महाग झाली तरी मी सागावर यायची.

ते उलट बोलत नसत. २००० साली सासऱ्यांच्या वेळची माडी उतरवावी लागली, तेव्हा तिच्या तुळयांतून त्यांनी सुताराकडून हा बाक करवून घेतला. म्हणाले, "हे घे आपलं सागवान." मला हसू आलं नाही. आता येतं, आणि डोळ्यांत पाणीही.

२००६ मध्ये मुलीचं लग्न निघालं. बाक तेव्हा राखाडी होऊ लागला होता. व्याही मंडळी काय म्हणतील म्हणून मी हट्टाने त्याला व्हार्निश मारून घेतलं. हे म्हणत होते, "राहू दे गं." मी म्हटलं, "सागातलं तुम्ही मला सांगू नका." लग्नात बाक आरशासारखा चमकला. दोन पावसाळ्यांत व्हार्निशला तडे गेले, त्यातून पाणी आत शिरलं आणि वरच्या थरामुळे वाळेना. बसायच्या दोन पट्ट्यांच्या कडेला पांढरं लाकूड होतं, ते भुसभुशीत झालं. सुताराने सगळं खरवडून काढलं, त्या पट्ट्या बदलल्या आणि एवढंच म्हणाला, "काकू, ह्याला मोकळा श्वास घेऊ द्या." ह्यांनी मात्र एका शब्दाने टोमणा मारला नाही. ते कागदाला भुलले, मी चकाकीला. पण ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. २०१५ मध्ये ते गेले.

असो.

तेव्हापासून बाकाची निगा म्हणजे फारसं काही न करणं. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरला की साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने घासते. शेवाळ निघतं, बाक दोन दिवस सावलीत वाळतो. तारेची घासणी नाही, जोराच्या पाण्याचा फवारा नाही. जवसाचं तेलही नाही, आमच्या कोकणातल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळत नाही, आत दमटपणा कोंडतो. पायांखाली काळ्या दगडाचे तुकडे ठेवले आहेत. जांभा नको, तो पाणी धरून ठेवतो आणि पाय खालून ते शोषतात.

नवीन घेणार असाल तर दुकानात वरून पाहू नका, उलटं करून खालची बाजू पाहा. पांढरट पट्टे दिसले तर अंगणासाठी घेऊ नका. 'टीक फिनिश' हे रंगाचं नाव आहे, लाकडाचं नव्हे. सांधे खाचेत बसवून लाकडी खुंटीने पक्के केलेले असावेत. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे हवेत, लोखंडी स्क्रू गंजतात आणि लाकडावर काळे ओघळ पाडतात. जमलं तर जुन्या घराचं लाकूड मिळवा. झाड कधीच तोडून झालेलं आहे, निदान ते वाया जाऊ नये. आणि राखाडी रंग डोळ्यांना खुपणार असेल तर सागवान अंगणात ठेवूच नका, घरात ठेवून खुशाल पॉलिश करा. माणसाच्या आयुष्याएवढा काळ वाढलेलं झाड पाहुण्यांना दाखवण्यापुरतं वापरणं मला तरी पटत नाही.

तेव्हा बाळा, मुंजीच्या दिवशी बाक आहे तसाच राहील. आदल्या आठवड्यात मी स्वतः धुवून ठेवीन. बटूला त्यावर बसवून फोटो काढ. ताजं तेल-पॉलिश नसल्यामुळे त्याच्या सोवळ्याला डाग पडायचा नाही. आणि त्याने विचारलं की हा कुणी केला, तर सांग, आजोबांनी. पुढचं मी सांगेन.