धूर जातो कुठं?



या वेळचं संपादकीय मिरचीच्या ठसक्यावर आहे. हसू नका.

मी गोदीत माल उतरवतो. जहाजाच्या बंद पोटात कोळसा नाहीतर भंगार असलं की ते आतला ऑक्सिजन खातं. तसाच उतरलेला माणूस जागच्या जागी कोसळतो. म्हणून आधी हॅच उघडायची, हवा खेळवायची, तपासायची, मगच खाली पाय ठेवायचा. गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी 1986 साली वेगळा कायदा झाला. तो किती पाळला, हा झगडा वेगळा. पण नियम आहे.

आणि घरी? पुनर्वसनात मिळालेल्या 225 चौरस फुटांत माझी आई दिवसातून दोनदा बंद पोटात उतरते. तिच्यासाठी कुठला नियम?

रॉकेलचा स्टो गेला, गॅस आला, आम्ही समजलो धूर संपला. साफ खोटं. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. डोळ्याला दिसत नाही, छातीला कळतो. फोडणीचा, तळणीचा धूर वर आणखी. छताचा पंखा लावला तर तोच धूर घरभर फिरतो, बाहेर जात नाही.

धाकटा बोलला, हप्त्यावर चिमणी घेऊ, बिनपाइपची. भिंत फोडायला नको. मी खोदून खोदून चौकशी केली. ती तेल जाळीत धरते, वास कोळशात जिरवते आणि बाकीची हवा परत आपल्याच तोंडावर सोडते. कार्बन मोनॉक्साइड, वाफ, उष्मा घरातच. मी नको बोललो.

शेवटी खिडकीच्या वरच्या भागात, शेगडीजवळ, बाहेर फेकणारा साधा एक्झॉस्ट पंखा बसवला. समोरचं दार किलकिलं ठेवायचं, कारण आत हवा आली नाही तर पंखा बाहेर काय टाकणार? फोडणीआधी सुरू करायचा, रांधून झाल्यावरही दहापंधरा मिनिटं चालू ठेवायचा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. गळतीचा वास आला तर पंख्याच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा.

आईचा खोकला कमी झाला. मी खूश. आठव्या दिवशी समोरच्या इमारतीतली मावशी खिडकीतून बोलली, "पोरा, तुमचा ठसका माझ्या नातवाच्या पाळण्यात येतोय रे."

दोन इमारतींत अंतर जेमतेम तीन मीटर. मी धूर घालवला नव्हता, शेजारी ढकलला होता.

आजोबा सांगायचे, गावात आपली वस्ती पूर्वेला, कारण वारा पश्चिमेचा. आपल्यावरून गेलेला वारा गावाला लागू नये, असा हिशेब. शहरात वाऱ्याचा हिशेबच कुणी केला नाही. 2018 साली गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला. जिथं इमारती खेटून, खालच्या मजल्यांना ऊन-वारा नाही, तिथं क्षयरोग जास्त सापडला.

तेव्हा पंखा बसवा, आजच बसवा. पण तेवढ्यावर झोपू नका. सोसायटीच्या मिटिंगमध्ये गच्चीपर्यंत जाणारा धुराचा पाइप मागा. बिल्डर नकाशा घेऊन सहीला आला की आधी विचारा : चूल कुठं? वारा कुठून? धूर जातो कुठं?

आणि एक दिवस स्वतः फोडणी घाला. आईनं इतकी वर्षं काय गिळलं, ते कळेल.