वाशिमची डिप्लोमावाली पोरं अजूनही ४५ वर्षं जुनी चिप का शिकतायत?

२ सप्टेंबर २०२५. दिल्लीत सेमिकॉन इंडियाच्या कार्यक्रमात केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी पंतप्रधान मोदींच्या हातात 'विक्रम' ही भारतीय चिप ठेवली. तो फोटो तुमच्याही फीडवर येऊन गेला असेल.

इकडे वाशिम असो नाहीतर कोल्हापूर, एमएसबीटीईच्या इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाची पोरं ८०५१ नावाच्या चिपवर प्रॅक्टिकल करतात. इंटेलनं ही चिप आणली १९८० साली. तिचे प्रोग्राम लिहायचे असेंब्ली भाषेत. एआयच्या जमान्यात हे कशाला, असा प्रश्न पोरांना पडतो, पालकांनाही पडतो.

तर आधी ही चिप कुठे असते ते बघू. कारंजा किंवा रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनचं पोतं इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतं आणि समोर लाल आकडा उमटतो. तो हिशेब करतो मायक्रोकंट्रोलर. घरातल्या डिजिटल वीज मीटरमध्येही तोच. प्रोसेसर, मेमरी आणि बाहेर जोडायच्या पिना, सगळं एकाच चिपमध्ये. मूळ ८०५१ मध्ये प्रोग्रामला जागा ४ केबी आणि कामाची मेमरी १२८ बाइट. फॅमिली ग्रुपवर सकाळी येणारा गुलाबाचा फोटोसुद्धा यात मावायचा नाही.

या चिपला आपली भाषा कळत नाही, फक्त आकडे कळतात. समजा ५ मध्ये ३ मिळवायचे आहेत. असेंब्लीत लिहायचं 'मूव्ह ए, #५' आणि खाली 'ॲड ए, #३'. चिपपर्यंत जातं ते ७४ ०५ २४ ०३. चार बाइट, खेळ खल्लास. माणसानं लिहिलेल्या ओळींचे हे आकडे करून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे असेंब्लर.

कमांड लाइनवरच्या असेंब्लरला बटणं नसतात, रंगीत खिडक्याही नसतात. काळ्या स्क्रीनवर असेंब्लरचं नाव टाईप करायचं, पुढे आपल्या फाइलचं नाव आणि एंटर. चूक असेल तर ओळीचा नंबर दाखवून सांगतो. नसेल तर हेक्स फाइल तयार होते, ती प्रोग्रामर लावून चिपमध्ये भरायची. सोबत एक लिस्ट फाइलही मिळते. तिच्यात आपली प्रत्येक ओळ आणि शेजारी तिचे झालेले आकडे दिसतात. खरं शिक्षण या फाइलमध्ये आहे, आणि नेमकी तीच कुणी उघडून बघत नाही.

कॉलेजात सहसा काइल हे सॉफ्टवेअर वापरतात. चांगलं आहे, पण फुकटच्या आवृत्तीत २ केबीपर्यंतचाच प्रोग्राम चालतो, पुढे लायसन्सचे पैसे. गंमत म्हणजे त्यातलं 'बिल्ड' बटण दाबलं की मागे कमांड लाइनचाच असेंब्लर धावतो. आर्डुइनोचंही तेच.

याउलट असेम-५१ हा असेंब्लर फुकट आहे, डॉस, विंडोज, लिनक्स तिन्हीवर चालतो. एसडीसीसी या ओपन सोर्स पॅकेजमध्येही असेंब्लर येतो. एकदा उतरवला की इंटरनेटची गरज नाही. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार आहेत, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिवसोबत वाशिम आहे. तिथल्या पोराकडे दादाचा दहा वर्षं जुना लॅपटॉप असेल, तर त्यालाही हे घरी बसून जमतं.

"पण कंपन्या तर सी भाषा विचारतात!" बरोबर आहे. आज अख्खं प्रॉडक्ट असेंब्लीत कुणी लिहीत नाही, आणि नोकरीसाठी सी शिकावीच लागते. मात्र सी मधला प्रोग्राम अडकतो तेव्हा चिप नक्की काय करतेय हे बघायला असेंब्लीतच उतरावं लागतं. वेळेचा हिशेबही इथे चोख कळतो. १२ मेगाहर्ट्झवर मूळ ८०५१ चं एक मशीन सायकल म्हणजे बरोबर १ मायक्रोसेकंद. कोणत्या ओळीला किती सायकल लागतात ते पुस्तकात छापलेलं असतं, बेरीज बोटांवर करता येते.

अडचण ८०५१ जुनी असण्याची नाहीच. अडचण आहे मागच्या बॅचच्या जर्नलमधून प्रोग्राम उतरवण्याची, बटण दाबून आउटपुट चिकटवण्याची. तसं करायचं तर चिप १९८० ची काय नि २०२५ ची काय.

आता पुन्हा त्या फोटोतल्या चिपकडे. विक्रम ३२०१ ही इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रानं चंदीगडच्या सेमिकंडक्टर लॅबसोबत बनवली. पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत ती अंतराळात तपासली गेली. तिच्या सूचनांचा संच इस्रोचा स्वतःचा, त्यामुळे बाजारातलं तयार सॉफ्टवेअर तिला चालणार नव्हतं. ५ मार्च २०२५ ला चिप सुपूर्द झाल्याचं जाहीर करताना इस्रोनं सांगितलं की, अडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर आणि सिम्युलेटर घरातच तयार केलेत. सी भाषेच्या कंपायलरचं काम तेव्हा अजून सुरू होतं.