‘घरगुती’ म्हणजे कुणाच्या घरचे?

अलिबाग सोडून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले, की थोड्या थोड्या अंतरावर एकच मजकूर भेटत राहतो : ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’. नागाव, चौल, पुढे काशीद, मुरूड. खाडी ओलांडली की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. कुठे पाटी पत्र्यावर हाताने रंगवलेली, कुठे रात्री झगमगणारी. अलीकडे तिच्यावर ‘होमस्टे’ असेही लिहिलेले असते. शब्द बदलला तरी आश्वासन तेच आहे. तुम्ही हॉटेलात नव्हे, तर कुणाच्या तरी घरी उतरणार आहात. या आश्वासनातले घर आज किती ठिकाणी शिल्लक आहे, आणि जिथे आहे तिथे ते कुणाच्या कष्टांवर उभे आहे, हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

हा व्यवसाय कुणी कागदावर योजना आखून सुरू केलेला नाही. दिवेआगरचे उदाहरण बोलके आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी या गावातल्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत खोदकाम करताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यातून गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. ‘सुवर्णगणेश’ पाहायला मुंबई-पुण्याची माणसे लोटली. एवढ्या माणसांना पुरे पडेल अशी सोय गावात नव्हती. मग घरांनीच दारे उघडली. ओटीवर पाने मांडली गेली, मधली खोली रिकामी झाली, आणि अतिथीला जेवू घालण्याच्या जुन्या रीतीला हळूहळू दरपत्रक जोडले गेले. २४ मार्च २०१२ रोजी मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले, मुखवटाही गेला. पाहुणे ओसरले आणि कितीतरी घरांच्या चुली एका मूर्तीवर अवलंबून होत्या हे गावाला कळून चुकले. नोव्हेंबर २०२१ मध्ये नवा मुखवटा बसला. मधल्या काळात येणाऱ्यांना समुद्राची, वाडीतल्या सावलीची आणि उकडीच्या मोदकांची गोडी लागली होती, म्हणूनच हा व्यवसाय टिकला.

ही घरे मुळात वाडीची घरे. रस्त्याकडे तोंड केलेले घर, मागे विहीर, आणि त्यामागे लांबवर गेलेली चिंचोळी वाडी. नारळ सर्वांत उंच, त्याच्या खालोखाल पोफळी, त्यांच्या सावलीत केळी, मिरीचे वेल, जायफळ. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तिच्यासाठी तिथे संशोधन केंद्रही आहे. पण बाजारात मूठभर दिसणाऱ्या या सुपारीमागे केवढा खटाटोप असतो, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. फळे उतरवायची, खळ्यात महिना-दीड महिना उन्हात वाळवायची, मग एकेक सोलायची. सोलण्याचे काम बहुतेक बायकांचे. मी ज्या घरी उतरतो तिथल्या काकू पाहुण्यांशी गप्पा मारता मारता सुपारी सोलत असतात, आणि त्याच हातांनी निवडही चाललेली असते; चांगली एकीकडे, किडकी दुसरीकडे. झावळ्यांचे झाप विणणे, हिरांचे खराटे बांधणे हेही असेच. ही कारागिरी पाहुण्यांना दाखवण्यासाठी मांडलेली नसते; ती घरात चालूच असते. घरगुती मुक्कामात विकत न मिळणारी जी गोष्ट असते, ती हीच.

म्हणून ३ जून २०२० ही तारीख या किनाऱ्याच्या दृष्टीने फार मोठी आहे. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. टाळेबंदीमुळे खोल्या मार्चपासूनच रिकाम्या होत्या. वादळाने वाड्याही रिकाम्या केल्या. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन परिसरात पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर केली. पण इथल्या वाड्या हेक्टरांत मोजायच्या नसतात, गुंठ्यांत मोजायच्या असतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला या हिशेबाने जेमतेम पाच हजार रुपये येतात. पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीसुद्धा त्यात निघत नाही. ओरड झाल्यावर सुपारीच्या झाडामागे ५० आणि नारळामागे २५० रुपये देण्याचे ठरले. नवी पोफळ लावली तर तिला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. घराने तोवर काय खायचे?

उत्तर सोपे होते. पडलेल्या झाडांच्या जागी खोल्या आल्या. त्यात कुणाला दोष देता येणार नाही. पूर्वी घर दोन पायांवर उभे होते, एक वाडी आणि दुसरा पाहुणा. आता सगळा भार पाहुण्यावर आला. याच सुमारास मुंबई आणखी जवळ आली. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट माणसे आणणारी बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. अंतर कमी झाले तसा जमिनीचा भाव वाढला. ज्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप करून, उपासमार सोसून, कसणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क देशाला ऐकवला, त्याच तालुक्यात आज जमिनीचा तुकडा विकून त्याच्याच कुंपणाशी राखणदार म्हणून बसण्याची वेळ अनेकांवर आली आहे.

या नव्या बंगल्यांवरही ‘होमस्टे’ची पाटी असते. मालक मुंबईला, किल्ली राखणदाराकडे, जेवण बाहेरून. पोहण्याचा तलाव मात्र हवाच. किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखे तरंगत असते. विहिरीतून बेताने उपसले तर ते टिकते. कूपनलिकांनी ओढत राहिले, की खालचे खारे पाणी वर सरकते. तलाव एका आवारात असतो, पण विहीर खारट होते ती शेजारच्या वाडीतली. म्हणजे ज्या शब्दाच्या जोरावर बंगला भाड्याने जातो, त्या शब्दाच्या खऱ्या मालकाचे पाणीही त्यानेच तोडायचे, असा हा व्यवहार आहे.

पण सगळा दोष बाहेरच्यांवर ढकलून चालणार नाही. घर आतूनही पोखरले जाते आहे, आणि त्याला आपण पाहुणेही कारण आहोत. एका जुलैत मी मुरूडजवळच्या एका घरी होतो. शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाला ताजी सुरमई हवी होती. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. कारण हा माशांच्या विणीचा काळ. यजमानांनी धावपळ करून कुठून तरी बर्फातली सुरमई पैदा केली. मी वहिनींना विचारले, “तुमच्यासाठी आज काय केलंय?” त्या ओशाळून म्हणाल्या, “आमचं काय, सुकट-वांगं न् भाकरी. ते तुम्हाला कसं वाढायचं?”

त्या ओशाळण्यात या व्यवसायाचे सगळे दुखणे आहे. पावसाळ्यात सुकट, जवळा, सुके बोंबील. हिवाळ्यात कडव्या वालांचे बिरडे आणि पोपटी. श्रावणात हळदीच्या पानांतल्या पातोळ्या. इथले खाणे ऋतूला बांधलेले आहे. पोपटीचेच पाहा. भाताच्या कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. त्याच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्ड्याचा पाला तळाशी आणि तोंडाशी कोंबायचा, मडके उपडे ठेवून वर जाळ करायचा. ना पाणी, ना तेल. हा पदार्थ शेतातच होतो आणि थंडीतच होतो. परंतु शहरी पाहुण्याला बाराही महिने तीच थाळी हवी असते, म्हणून घर आपले खरे जेवण लपवून ठेवते आणि त्याला हॉटेलची नक्कल वाढते. आपण घरगुती जेवायला जातो आणि घरच्या जेवणाची घरालाच लाज वाटायला लावून परततो.

आता त्या वहिनींचा दिवस मोजून पाहा. पहाटे पाचला चूल, सातला चहा, नऊला घावन किंवा पोहे, दुपारी वीस पाने, संध्याकाळी भजी, रात्री पुन्हा वीस पाने, साडेअकराला भांडी. त्यातच चादरी आणि न्हाणीघरे. दर ठरतो खोलीचा आणि पानाचा. तिच्या तासांचा नाही. बाहेरची मोलकरीण ठेवली तर तिचा पगार खर्चात धरतात; घरची सून राबली तर ती ‘घरचीच’. घरगुती या शब्दाचा हा दुसरा अर्थ आपण सोयीस्करपणे विसरतो. मग तिची मुलगी किंवा सून उद्या म्हणणारच, की हे मला नको. तेव्हा त्या खोल्या ठेकेदाराला चालवायला दिल्या जातात, आणि भिंती तशाच उभ्या राहून घर मात्र निघून जाते.

याला काही उपाय आहे का? दूरचा एक दाखला उपयोगी पडेल. मलेशियात १९९५ मध्ये पाहांग राज्यातल्या देसा मुर्नी या खेड्यांच्या समूहात सरकारने अशाच मुक्कामांची योजना सुरू केली. तिथे ‘कांपुंग’ म्हणजे खेडे. एकट्यादुकट्या घराने पाटी लावण्याऐवजी गावातली अनेक घरे मिळून नोंदतात. पाहुण्यांची वाटणी गावाचे संयोजक करतात. पाहुणा कुटुंबासोबत राहतो, त्यांच्या पंक्तीला त्यांचेच जेवण जेवतो, विणकाम, शेती आणि खेळ गावकऱ्यांसोबत पाहतो, करतो. तिथे सारे आलबेल आहे असे नाही. मालक राहत नसलेल्या भाड्याच्या घरांनी तिथेही ‘होमस्टे’ हा शब्द पळवला आहे. पण घर म्हणजे राहते कुटुंब आणि पाहुणा हा गावाचा, ही दोन तत्त्वे त्यांनी निदान लिहून ठेवली.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असेही नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना अनेकांना ठाऊक आहे. केंद्राच्या योजनेत जास्तीत जास्त सहा खोल्या आणि मालकाच्या कुटुंबाचे त्याच घरात वास्तव्य, अशा अटी आहेत. पण ती नोंदणी ऐच्छिक. न नोंदलेल्यालाही पाटी लावायला आडकाठी नाही. गंमत पाहा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भातानंतर घेतलेला, बायकांनी वेणीसारख्या माळांत गुंफलेला हा कांदा दुसरीकडचा माल ‘अलिबागचा’ म्हणून खपवला जाऊ नये यासाठी कायद्याच्या संरक्षणाखाली आला. कांद्याच्या नावाला राखण आहे, घराच्या नावाला नाही.

ती राखण उभी करणे फार अवघड नाही. ज्या घरात कुटुंब राहते त्यालाच ‘घरगुती’ म्हणता यावे. बाकीच्यांनी खुशाल बंगला भाड्याने द्यावा, पण त्याला बंगलाच म्हणावे. नोंदणी आणि बँकेचे खाते राबणाऱ्या बाईच्या नावाने असावे. एका घरी वीस पाने न वाढता गावातल्या बचतगटाने पाळीपाळीने स्वयंपाक वाटून घ्यावा, म्हणजे प्रत्येकीला आठवड्यातून एक दिवस तरी विसावा मिळेल. आणि पोफळीची नवी रोपे लावणाऱ्याला ती फळावर येईपर्यंत मदत मिळावी. कारण वाडी गेली तर पाहुण्याला दाखवायला उरणार तो फक्त समुद्र, आणि समुद्र तर बंगल्यातूनही दिसतो.

आपल्याकडून व्हायची गोष्ट त्याहून लहान आहे. पुढच्या वेळी खोली ठरवताना समुद्र किती अंतरावर आहे हे विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारावेत : घरात कोण राहते, आणि त्या दिवशी घरच्यांसाठी काय शिजणार आहे? पहिल्याचे उत्तर मिळाले नाही तर ते घर नव्हे. दुसऱ्याचे उत्तर सुकट-वांगे असे आले, तर म्हणावे, आमचेही पान त्यातच मांडा. दरात घासाघीस मात्र करू नये. ते पैसे खोलीचे नसतात; पहाटे पाचपासून उभ्या असलेल्या एका बाईच्या मजुरीचे असतात, आणि तेही बहुधा कमीच पडतात.