हवेतली गोळी कुठे उतरते?

जूनची पहिली मोठी झड बसली, ओढे भरून वाहू लागले, की कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरची माणसे रात्री बाहेर पडतात. वलगणीचे मासे आणि खेकडे यांची ती वेळ. अंधारात बॅटऱ्यांचे उजेड हलत राहतात. शनिवार-रविवारपुरत्या आलेल्या फार्महाऊसच्या मालकाला तेच उजेड कुंपणालगत दिसले, की त्याच्या मनात चोर येतो. घरात परवान्याचे पिस्तूल असले तर पुढचा विचार ठरलेला: माणसावर नको, हवेत एक बार काढू, पळून जातील. ऐकायला हे माणुसकीचे वाटते. आम्हाला ते धोक्याचे वाटते.

हवेत म्हणजे नेमके कुठे? घाबरलेल्या हातातली नळी सरळ आभाळाकडे राहत नाही, तिरकी होते. आणि तिरकी गेलेली गोळी बराच वेग राखून लांब जाऊन पडते. पॉइंट टू-टूची चिमुकली गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. त्यात इथली जमीन अशी, की फार्महाऊस खाली ओढ्याकाठी आणि ठाकर-कातकऱ्यांची वाडी वर डोंगरउतारावर. खालच्याची ‘हवा’ ती वरच्याचे अंगण. कारवीचा कुड गोळी अडवत नाही. हात तर शांतपणीही चुकतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. तिथे ना चोर होता, ना पळापळ.

खासगी बचावाचा हक्क लेचापेचा नाही. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि जिवावरचा हल्ला किंवा सूर्यास्तानंतरची घरफोडी अशा प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. बचाव करणाऱ्याने सोन्याच्या तराजूत तोलून वार करावा, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयही धरत नाही. २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात ते स्पष्ट झाले आहे. पण सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला सवड असेल, तर कलम ३७ प्रमाणे हा हक्कच उरत नाही. इशाऱ्याची गोळी अडकते ती इथे. इशारा द्यायला वेळ होता, मग दार लावून ११२ फिरवायला का नव्हता, हे सरकारी वकील विचारणारच. खऱ्या हल्ल्यात हवेत झाडलेली गोळी बचावात बसू शकेल, हे मान्य. मात्र ओढ्यावरच्या बॅटरीला हल्ला म्हणता येत नाही. वरातीत हवेत बार काढणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला आहे, तो काही आवाजासाठी नव्हे.

बंदुकांच्या देशातही हा प्रश्न सुटलेला नाही. फ्लोरिडात २०१० साली एका महिलेने, पतीला घाबरवण्यासाठी आपण घरात एक गोळी झाडली, असे सांगितले. कुणाला इजा झाली नव्हती, तरी तिला वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे ती रद्द झाली आणि २०१४ मध्ये कायदाही बदलला. दरम्यान तिची तीनेक वर्षे तुरुंगात गेली.

आपल्याकडे माळ्यावर राखणीला बसलेला शेतकरी डुकरे हुसकायला पत्र्याचा डबा बडवतो, आरोळी ठोकतो. नुसता आवाजच हवा, तर काडतूस कशाला?

परवाना मुंबईच्या आयुक्तालयातला असो की अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला, २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण सांगितलेले आहे. ते कागदापुरते राहू नये आणि गोळी खाली येते, हा धडा त्यात असावा. फार्महाऊसवाल्यांनीही पावसाआधी एकदा शेजारच्या वाडीत जाऊन यावे, पोलीस पाटलाचा नंबर घ्यावा. मग ओढ्यावर उजेड दिसला, की ओटीवरूनच हाक मारता येईल: कोण आहे रे, खेकडे गावले का?