एका कानाने अचानक ऐकू येईना? तेल घालत बसू नका

सकाळी उठून फोन नेहमीच्या कानाला लावला, तर समोरचा बोलतोय की नाही तेच कळेना. दुसऱ्या कानाला लावला की सगळे स्पष्ट. बहुतेक जण लगेच ठरवून टाकतात, मळ अडकला असेल. मग कोमट तेल, कापसाची काडी, मेडिकलवरून आणलेले थेंब. यात आठवडा निघून जातो. मळच असेल तर फार बिघडत नाही. नसेल तर हाच आठवडा महागात पडतो.

नेमके काय होते?

कानाच्या आतल्या भागाला किंवा मेंदूकडे आवाज नेणाऱ्या नसेला इजा होऊन 72 तासांच्या आत ऐकणे किमान 30 डेसिबलने घटले, तर डॉक्टर त्याला 'सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस' म्हणतात. बहुधा एकाच कानाला होतो. कान दुखत नाही, म्हणून भीतीही वाटत नाही. कानात शिट्टी वाजते, कधी चक्कर येते. कारण बऱ्याचदा सापडतच नाही. जून 2024 मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी विषाणूसंसर्गामुळे नसेशी संबंधित श्रवणदोष झाल्याचे सांगितले, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

मुख्य औषध स्टेरॉइड. ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर फायद्याची शक्यता जास्त. उशीर झाल्यास पडद्यातून इंजेक्शनचा पर्याय काही आठवडे उरतो. हमी कशाचीच नाही. काहींचे ऐकणे आपोआप परत येते, आणि शेजाऱ्याचा तोच दाखला इतरांना घरी बसवतो. मधुमेह असेल तर आधी सांगा, स्टेरॉइडने साखर वाढते.

घरी अंदाज कसा घ्यायचा?

तोंड मिटून 'हं' असा हुंकार द्या. तो बंद कानात मोठा वाटला तर मळ किंवा पडद्याकडची अडचण असू शकते. चांगल्या कानात मोठा वाटला तर नसेची शंका. हा फक्त अंदाज आहे, तपासणी नव्हे. दोन्हीपैकी काहीही वाटले तरी डॉक्टरांना दाखवायचेच.

जायचे कुठे?

नांदेडकरांसाठी विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरकरांसाठी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. तिथला कान-नाक-घसा विभाग. 'कमी ऐकू येते' एवढेच सांगू नका, ती जुनी तक्रार वाटते. 'परवापासून, अचानक, एकाच कानाने' असे सांगा आणि ऑडिओमेट्रीबद्दल विचारा.

किनवट-माहूरकडच्या माणसाचा मात्र नांदेड गाठण्यातच दिवस मोडतो. मळ की नस, याचा पहिला अंदाज ट्यूनिंग फोर्क नावाच्या साध्या धातूच्या चिमट्याने मिळतो. त्याला वीज लागत नाही. तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नुसता असून भागणार नाही, वापरात हवा.

एक कान कायमचा गेला तर आवाज कुठून येतोय ते कळत नाही; रस्ता ओलांडताना हॉर्न कोणत्या बाजूचा, याचाही गोंधळ होतो. तरीही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांची आहे. एका कानाला प्रमाणपत्र नाही.

ऐकू न येण्यासोबत चेहरा वाकडा झाला, बोबडी वळली किंवा हातापायातली ताकद गेली, तर ओपीडीची वाट न पाहता थेट अपघात विभागात जावे.